अर्ज, पाने सात

माझं दुकान सर्जेकोटच्या धक्क्याकडे
उतरणाऱ्या वाटेवर:
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, ऑनलाइन अर्ज.
पानाला दहा रुपये.
बोलायचे पैसे मी घेत नाही,
लिहायचे घेतो.

सत्यवती कोळंबकर आली ती पेटीच घेऊन.
फुटलेल्या होडीचं फायबर, आत सोडणांचा भुसा
दाबून दाबून भरलेला,
झाकणाला भंगारातल्या फ्रिजचं रबर,
कडी म्हणून जाळ्याची दोरी.
खर्च सहाशे चाळीस. ह्यात
गंगारामच्या चहाचे धरलेले नाहीत.

"लिव," ती म्हणाली,
"सकाळचो बरफ दुपारपर्यंत र्‍हवणा नाय.
बारा वाजले काय बांगडो मऊ पडता,
मगे गिऱ्हाईक सांगात तो भाव."

मी लिहिलं: शीतसाखळीच्या अभावी
होणारा मूल्यऱ्हास.
वाचून दाखवलं.
शाळेच्या ग्रुपफोटोत आपलं पोर शोधावं
तशी ती कागदाकडे बघत राहिली.
"ह्यां माझांच काय?"

पुण्याच्या कुठल्याशा निधीचा अर्ज,
सामाजिक उद्योजकांसाठी.
रकाना चार: लाभार्थी किती?
"लाभार्थी नाय. गिऱ्हाईक.
आठवड्याक पन्नास देतत, चुकवणत नाय.
एक सुलभा सोडून.
पण तिचो घोव आजारी आसा, ता लिवू नको."
मी लिहिलं: एकोणीस.

रकाना सहा: कल्पनेचं संरक्षण कसं कराल?
म्हणजे, मी समजावलं, कोणी चोरली तर?
ती हसली.
देवबागच्या दोघींनी बघून बघून केलीसुद्धा.
त्यांचं झाकण नीट बसत नाही,
म्हणून रविवारी ही तिकडे जाणार होती.
रकाना मी रिकामा ठेवला.

मग व्हिडिओ कॉल.
रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला,
मी मोबाइल धरून उभा, वारा, डिझेलचा वास,
पडद्यावर तीन चेहरे, तिघांच्या मागे
तीच एक कुंडी.
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
"हयसरच. मासे काय दुसरीकडे उतरतले?"

एक चेहरा हसला.
माणूस चांगला होता, हे सांगायला हवं.
झाकण त्याने दोनदा उघडायला लावलं,
रबर कुठून आणलं, विचारलं.
मग म्हणाला, अडचण एकच.
तुम्ही मागताय ब्याण्णव हजार.
पंचवीस लाखांच्या खाली
द्यायची आमच्याकडे सोयच नाही,
नुसत्या तपासणीलाच तेवढा
आणि आवाज तुटला.

परत येताना मी म्हटलं, आकडा वाढवू.
साचा घालू, गाडी घालू, दोन मॅनेजर.
अर्जात जागा आहे.
"मॅनेजर काय करतलो?"
मला पटकन सांगता आलं नाही.
"आणि पेटी केवढ्याक पडात मग?"
मी हिशेब केला, मोबाइलवरच.
चार हजार दोनशे.
ती काही बोलली नाही.
वाटेत एक होडी उलटी टाकलेली होती,
तिच्या फुटक्या काठाला तिने
दोन बोटांत धरून जाडी बघितली.

अर्ज अजून माझ्या संगणकात आहे.
मसुदा, अपूर्ण.
दर सोमवारी मला आठवण करतो.

पैसे द्यायला ती दुपारी तीनला आली.
सात पानं, सत्तर रुपये.
सुटे नव्हते. पेटी उघडून तिने
सकाळच्या लिलावातले दोन बांगडे
माझ्या टेबलावरच्या पेपरावर ठेवले.
ताठ. डोळे अजून लख्ख.

मी पावती फाडली,
रकमेच्या जागी लिहिलं: बांगडे, नग दोन.
तिने बोट ठेवून वाचलं.
"ह्यां माझां," म्हणाली,
आणि घडी करून बटव्यात घातली.