बोट लागते

गिस्लँचे फुगे फ्रेंचच्या मापाचे.
मराठी त्यात अंग चोरून बसायची,
वेलांट्या वर टेकत, उकार खाली सांडत,
आणि हरेश्वर नाखवा टाक झटकून म्हणायचा,
'ह्याला काय ठाऊक, आमची अक्षरं फेटा बांधून येतात.'
मग कुणाच्या टोपीचा काठ, ढगाचं एखादं टोक
पांढऱ्या रंगाखाली घालवून
तो एका 'र्की'ला जागा करायचा.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली बेअरिंगचा कारखाना, वर आम्ही;
लेथ सुरू झाली की रेघ थरथरायची.
मी सतरा वर्षांचा, ब्रश धुणारा.
मला गिस्लँ ठाऊक तो मलपृष्ठावरच्या नऊ ओळींचा:
बेल्जियममधल्या नामूरला जन्म, बाप औषधविक्या,
युद्धात कागद मिळेना तेव्हा
वॉलपेपरच्या पाठीवर काढलेली पहिली वादळं,
मग एकोणतीस पुस्तकं आणि एकच नायक,
मालवाहू जहाजावरचा वायरलेसवाला,
जगातलं प्रत्येक संकट ज्याच्या कानाला आधी कळतं.
शेवटची ओळ मीच हरेश्वरला वाचून दाखवली होती:
चित्रकार समुद्रावर कधी गेलेला नाही. त्याला बोट लागते.

तो हसला नाही.

बाराव्या पुस्तकात आपल्याकडची एक खाडी आली.
घुमट होते, हत्ती होता, ते चालवून घेतलं.
पण होडी?
शीड पाटीसारखं ताठ, डोलकाठी मागे कललेली.
चेंदणीच्या माणसाने, ज्याचा बाप रेतीच्या होडीवर
पाण्याच्या वासावरून भरती सांगायचा,
दोन दिवस त्या चौकटीकडे पाठ करून काम केलं.
चित्राला बोट लावायचं नाही, असा करारच होता.
तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर
त्याने ती होडी पुसली.
नाळ उचलली, डोलकाठी पुढे झुकवली,
परबाणाला शीड तिरकं दिलं.
सुकाणूवरचा पाठमोरा माणूस तेवढा ठेवला, गिस्लँचा, तसाच.
तीन प्रती ब्रुसेल्सला गेल्या, नियमाप्रमाणे.
पत्र आलं नाही. पोस्टमन दिसला की तो मात्र
महिनाभर चहा अर्धा टाकून उठायचा.

गिस्लँ गेल्यावर अखेरचं पुस्तक आलं.
तेहेतिसाव्या पानापुढे नुसती पेन्सिल,
फुगे रिकामे.
मालक म्हणाले, भर काहीतरी, पोरांना कळणार आहे का?
हरेश्वरने फूटपट्टी घेतली.
बराच वेळ मोजत राहिला, मग मला बोलावलं:
'बघ. वेलांटीपुरती जागा सोडलीय.'

मीही मोजलं. वर दोन मिलिमीटर जास्तच होते.
म्हातारपणी हात सैल पडतो, हेही खरं,
पण ते मी बोललो नाही; ब्रश धुवायला गेलो.
बेसिनमधून पाणी कितीतरी वेळ
पांढरं जात राहिलं.