एकाच ट्रेमधून

रास्ता पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये
दुपारी तीनला उन्हाची तिरीप पात्यावर येते,
तेव्हा मी मेणाचे पापुद्रे कापत असते,
कांद्याच्या पातीहून पातळ.
त्या मंगळवारी ट्रेमध्ये शेजारी शेजारी होते
चौदाशे आठ आणि चौदाशे नऊ.
दोघांचं वय त्रेसष्ट. दोघांचाही मूत्राशय.
दोन्ही फॉर्मवर एकाच घाईच्या अक्षरात :
लघवीतून रक्त, दुखत नाही.

एकच निळा, एकच गुलाबी.
मी कुणालाही जास्त रंग दिला नव्हता.

मॅडमनी भिंगाला डोळा लावला.
चौदाशे आठ : नेच्याची पानं,
देठ नाजूक, कडेने पेशींच्या रांगा,
शाळा सुटायच्या आधी असतात तशा, थोड्याच हललेल्या.
"नेहमीची जात," त्या म्हणाल्या. "वरवर आहे.
पुन्हा पुन्हा उगवेल, पण माणूस राहील."
चौदाशे नऊपाशी मात्र थांबल्या.
मला बोलावून दाखवलं :
गुलाबी, गोल, पदरावर पदर चढलेले.
पुस्तकात ह्यांना मोती म्हणतात.
स्क्वेमस. स्नायूत खोल उतरलेला.

कुणाची जात विचारायची नाही,
असं शिकवलंय मला घरी.
इथे पहिला प्रश्न तोच असतो.

चौदाशे आठ स्वतः आले स्लाइड न्यायला.
रविवार पेठेतले यशवंत भावसार,
चाळीस वर्षं सुतं रंगवलेली बोटं,
नखांच्या मुळाशी अजून काही जांभळं.
काच त्यांनी खिडकीकडे धरली,
लुगड्याचा काठ पारखावा तशी.
"रंग बरा बसलाय, नजमाबाई. कच्चा की पक्का?"
ते काय विचारतायत ते कळलं मला.
म्हटलं, मॅडम सांगतील, पण कच्चाच म्हणायचा.
फक्त कच्चा रंग शेजारच्या कपड्याला लागतो,
दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागेल.
"म्हणजे आमच्याच धंद्यातलं," ते हसले.
मग हसणं मध्येच थांबलं.
डब्यांवर कधी काही लिहिलेलं नसायचं, म्हणाले.

चौदाशे नऊ कधी आले नाहीत.
सॅम्युअल आढाव, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त.
सतरा वर्षं एक खडा बाळगला मूत्राशयात,
भाडेकरूसारखा.

मॅडमच्या टेबलावर काचेखाली एक आलेख आहे.
दोन रेषा वर एकाच बिंदूतून निघतात
आणि पायरी पायरीने उतरत जातात.
एक पर्वतीच्या पायऱ्यांसारखी, रुंद,
टेकायला, दम खायला जागा असलेली.
दुसरी माळ्यावरच्या शिडीसारखी.
मी कित्येक वर्षं त्या काचेवर चहाचा कप ठेवला.
मग एकदा मॅडम सहज म्हणाल्या,
जिथे रेघ खाली येते ना, तिथे कुणीतरी गेलेलं असतं.
आणि म्हणाल्या, नुसती जात ठरवत नाही हं,
किती खोल, कधी सापडलं, हेही असतं.
आणि म्हणाल्या, रेघेत एकटा माणूस दिसत नाही.
त्यानंतर कप मी खिडकीत ठेवते.

भावसारांची चौथी दुर्बीण झाली,
त्याच आठवड्यात आढाव गेले.
मार्थाबाई आल्या विम्याच्या कागदासाठी.
सही झाली, शिक्का झाला, तरी उभ्याच.
"त्यांचं काही उरलंय का हो इथे?"

मी ड्रॉवर ओढला.
चौदाशे आठला चिकटून चौदाशे नऊ,
मेणाचा चौकोन, आत मसुरीएवढा करडा ठिपका.
त्यांनी तो तळहातावर घेतला.
मोती हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला,
मी गिळला.
बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
"माझ्या हाताला घाम आहे," त्या म्हणाल्या,
"वितळायचं. ठेवा तुमच्याकडेच."

एवढ्या उबेने वितळत नाही ते,
हे मी सांगितलं नाही.