गाढवाचं पान

पाळकसाहेबांनी खोकं पडवीत ठेवलं.
"बाई, शनिवारपर्यंत सात निवडा. पैसे तेवढेच आहेत."
आत एकवीस पुस्तकं, गुळगुळीत,
नव्या शाईचा वास असा की भूक लागावी.

डाव्या हाताला शास्त्र घेतलं, उजव्या हाताला तांबडी पेन्सिल.
साखर पेठेतल्या छापखान्यात बावीस वर्षं प्रूफं वाचलीत मी.
एक मात्रा सुटली की देवाचं दव होतं,
हे मला कुणी शिकवायला नको.

पहिल्या पुस्तकात झाडाला सफरचंदं.
शास्त्रात नुसतं फळ आहे, कुठलं ते सांगितलेलं नाही.
आणि आमच्या पोरांना सफरचंद ठाऊक आहे ते
सिव्हिलला कुणाला बघायला जाताना पिशवीत नेतात ते.
बाजूला ठेवलं.

दुसऱ्यात योना माशाच्या पोटात दिवा लावून बसलाय,
मग किनारा, टाळ्या, समाप्त.
आणि पुढचं?
तो रुसतो, उन्हात जाऊन बसतो, वेल वाळून जाते,
देव त्याला एक प्रश्न विचारतो
आणि उत्तराची वाट न बघता गोष्ट थांबते,
ते सगळं कुठे गेलं?
उन्हात रुसून बसलेला माणूस
सोलापूरच्या मुलांना समजवावा लागत नाही.

तिसऱ्यात तारवाच्या खिडकीतून जिराफ हसतोय.
पाणी निळंशार, आणि पाण्यात कुणीच नाही.
"नोहाने दार ओढून घेतलं," असं लिहिलंय खाली.

आमोसच्या भावाला कंबर तलावातून काढलं
त्याच्या पुढच्याच रविवारी आमोसनं विचारलं होतं,
"बाई, तारवाचं दार बाहेरनं कुणी लावलं?"
नोहानं, म्हणता आलं असतं.
वर्गात पंखा फिरत होता. मी म्हटलं, देवानं.
त्यानं मान हलवली आणि चित्र रंगवत राहिला,
सगळं पाणी काळ्या खडूनं.
त्या रात्रीची माझी झोप अजून बाकी आहे.
पण ज्या पुस्तकानं हे एक वाक्य बदललं
ते मी त्याच्या हातात कसं देऊ?

संध्याकाळ झाली. शेजारचा माग बंद पडला,
तेव्हा कळलं की इतका वेळ तो चालू होता.

पंधरावं पुस्तक. कागद साधा, रंग जरा विटके.
पण योना शेवटपर्यंत रागावलेला.
दार लावणारा देवच.
पूर्वेकडून आलेले मागी, किती ते मोजलेले नाहीत.
उतारशाळेत जागा नाही, पण ओरडणारा मालकही नाही.
मी पुस्तक जवळजवळ छातीशी धरलं.
आणि पान एकोणीस:
मरीया बेथलेहेमला चाललीय, गाढवावर बसून.

गाढव नाही. लूकमध्ये नाही, मत्तयमध्ये नाही.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाहीच.
पेन्सिल उचलली,
आणि एकटीच हसत सुटले.

कारण आमच्या चर्चमध्ये ते गाढव मीच आणलं.
तीस वर्षं झाली. नाताळचं नाटक.
प्रत्येक पोराला एक तरी वाक्य होतं,
आणि एबेनेजर रणदिवेला एक शब्द बोलायचा
तर डोळ्यांत पाणी यायचं.
म्हटलं, तू गाढव हो.
त्याच्या आईनं चादरीच्या कातरणाचे कान शिवले.
मरीयेला पाठीवर घेऊन तो दारापासून वेदीपर्यंत
गुडघ्यांवर गेला, थंड शहाबादी फरशीवरून,
इतक्या सांभाळून
की लोक खोकायचेसुद्धा थांबले.
तेव्हापासून दर वर्षी गाढव आहे.
कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आज हे खोकं त्याच्याच टेम्पोतून आलं.
"स-सलाम, बाई," म्हणाला आणि उंबऱ्याशी चपला काढून उभा राहिला.

तांबडी पेन्सिल ठेवली. साधी घेतली.
पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं:
गाढव शास्त्रात नाही. ती चालतही गेली असेल.
कुणी विचारलं तर सांगा.

चहा टाकला. तो उतू गेला.
परत येऊन खाली आणखी एक ओळ लिहिली:
नाही विचारलं तरी सांगा.

अजून सहा निवडायची आहेत,
आणि खोक्यात सफरचंदंच फार.