जग बुडाल्यानंतरचा रूट चोवीस

बावीस वर्षं मी बंद पडलेल्या गाड्या ओढतोय,
फॉल रिव्हर ते ब्रॉकटन.
माणसाचं राज्य मी त्याच्या चेपलेल्या बंपरवरून सांगतो.

मेनचा माणूस खड्ड्यात गेला तरी
आधी हात हलवतो, मग मदत मागतो.
कनेटिकटचा डावी लेन धरून बसतो,
जणू आजोबांनी ती त्याच्या नावावर करून ठेवलीय.
न्यू हॅम्पशरचे पट्टा बांधत नाहीत.
स्वातंत्र्य म्हणतात त्याला.
मी काचा झाडताना काही म्हणत नाही.
आणि ऱ्होड आयलंडवाले
या हाताचं त्या हाताला कळू देत नाहीत.
दान नव्हे. वळण.

आम्ही? आम्ही मॅसॅच्युसेट्सचे.
दिवा हिरवा व्हायच्या आत भोंगा.
आपली ती घाई, दुसऱ्याचा तो माज.

इडालिना सतराची झाली.
शिकाऊ परवाना फ्रिजवर, चुंबकाखाली, फेब्रुवारीपासून.
चावी पुढे केली की म्हणते, उद्या.
आणि रात्री दोनपर्यंत
जग बुडाल्यानंतरच्या याच राज्यात
पायी हिंडते.

एकदा सूपचा वाडगा घेऊन शेजारी बसलो.
आकाश गंजलेलं. दोन डोक्यांचं हरीण.
जुने बॅटरी सेल म्हणजे तिथले पैसे;
तीन सेल दिले की एक शिळा पाव.
मग आला माझा रस्ता.
गाड्याच गाड्या, क्षितिजापर्यंत, सांगाडे,
आणि दोन लेनमध्ये नीट दोनच रांगा!
"खोटं आहे," मी म्हणालो.
"जग बुडतंय आणि आमचे लोक रांगेत?
कडेच्या पट्टीतून निदान चाळीस जण घुसले असते.
हा ट्रक आडवा हवा होता.
आणि याच्या खिडकीतून एक हात बाहेर,
तू समजतेस तशा खुणेत."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.
मी मनातल्या मनात मोजत होतो:
पाळीला अकरा गाड्या धरल्या
तर हे सगळं ओढायला नऊ वर्षं,
आणि बिल कुणाला पाठवायचं?

पुलाजवळ एका गाडीचा पिवळा दिवा
अजून उघडझाप करत होता.
ऱ्होड आयलंडची पाटी.
"बघ, बाबा, एक तरी निघाला इशारा देणारा."
"बनवणारा इथला नाही," मी म्हणालो,
आणि सूप निवत गेलं.

तिची आई आता पॉटकेटला राहते.
पंचवीस मिनिटं, पूल धरून.
ती गेली तेव्हा मी तिच्या अगदी मागेच होतो,
मला काही दिसलं नाही.

इडालिना रोज पश्चिमेकडेच चालते, हे मला उशिरा कळलं.
हरणं मारत, सेल वेचत,
राज्याच्या हद्दीपर्यंत.
तिथे पडद्यावर अक्षरं येतात: यापुढे नकाशा नाही.
ती जरा वेळ तशीच उभी राहते.
मग बटण दाबून खाली बसवते त्या बाईला
एका मोडक्या टोलनाक्याच्या पायरीवर.

मी काही बोललो नाही.
गाड्या ओढणाऱ्याला एवढं कळतं:
साखळी कधी लावायची,
आणि कधी नुसतं दिवे लावून
मागे थांबायचं.

रविवारी सहाला तिनेच चावी उचलली.
धुकं. रस्ता तिच्या खेळासारखा रिकामा.
गोल चौकात शिरलो
आणि बाहेर पडायची वाट तिला सापडेना.
एक फेरी, दोन, तीन.
डोनटच्या दुकानाचा दिवा चौथ्यांदा आला.
तिचे पंजे चाकावर पांढरे पडलेले.
मी माझ्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होतो.

मागून भोंगा.
लांबलचक, शिवीसारखा, आमच्याच राज्याचा.

तिने आरशात पाहिलं, सुटलेला श्वास सोडला.
"आहेत म्हणजे," ती म्हणाली,
"अजून लोक."