पान एकतीस

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं.
एक खोली, तीन कपाटं,
एकाची किल्ली हरवली म्हणून ते कायमचं उघडं.
मोहटोल्यात रेंज येते ती तलावाच्या पारीवर,
तिसऱ्या सिंदीच्या झाडाखाली,
तीही मनात आलं तर.

टिकेश्वरी लांजेवार, बी.ए. दुसरं वर्ष,
दुपारच्या उजेडात खिडकीशी पुस्तक धरते, फोटो काढते.
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचं टोक.
मग पारीवर जाऊन ठेवते ती पानं
त्या सामायिक कपाटात, जिथं चाळीस गावांची पुस्तकं आहेत
आणि कपाटाला लाकूडच नाही.
वाळवीनं काय करावं बिचारीनं.

पोळ्यानंतर तिनं ठेवलं 'खुरकुतीचं साल'.
कवी देवचंद कापगते,
गुरांच्या दवाखान्यातले निवृत्त पट्टीबंधक.
तीनशे प्रती, एक्क्याण्णव साल,
बऱ्याचशा त्यांच्याच माळ्यावर उंदरांनी वाचल्या.
आमच्या प्रतीत पान एकतीस नव्हतं.
पट्टी लावून फाडावं तसं सरळ फाडलेलं.

नवव्या दिवशी निरोप आला.
रेहाना मुजावर, विट्याच्या एस.टी. आगारात रोकड मोजते.
'हे पुस्तक माझ्याकडं एकोणीस वर्षं आहे.
रद्दीतून किलोवर घेतलं. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत.
कुणाचं, ते आज कळलं.
मी यांना मनात नुसतं 'डॉक्टर' म्हणत आले.
तुमच्यात एकतीस नाही. माझ्यात आहे. पाठवू?'

हव म्हणू का, टिकेश्वरीनं विचारलं.
मी म्हटलं थांब, आणि देवघेवीचं रजिस्टर काढलं.
चौऱ्याण्णव. त्या पुस्तकासमोरची शेवटची नोंद:
दे. ना. कापगते. नेले, बारा जून. परत, तेरा जून.
एका रात्रीसाठी माणूस
आपलंच पुस्तक कशाला घरी नेतो?

रेहानानं पान पाठवलं, वर स्वतःच्या आवाजात वाचूनही.
देवचंदजी सायकल हातात धरून पारीवर आले.
मोबाइल कानाला, दुसरा कान तळव्यानं झाकलेला.
एकवीस ओळी.
लस बर्फाविना आली होती, थर्मासात, कोमट.
मला माहीत होतं. तरी टोचली.
सोमाजी, तुझी जोडी...
पुढचं मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

पाणकोंबडी कमळाच्या पानांवरून चालत गेली, परत आली.
मग ते म्हणाले,
'सोमाले वाचता येत नोहोतं.
ज्याले येत होतं, त्या साहेबाची चौकशी लागली,
तवा भेवानं फाडलं म्या.
सहा वाचनालयं फिरलो, सायकलनं.'
थोड्या वेळानं:
'हे विटं कुठं आलं?'
लांब. सांगलीकडे.
'तिथवर नसती गेली सायकल.'

टिकेश्वरीनं विचारलं, ठेवू का बाबाजी, कपाटात?
ते बोलेनात. पुन्हा लाव म्हणाले.
पुन्हा लावलं.
मधेच रेंज गेली, रेहाना अर्ध्या शब्दावर अडकली,
आम्ही तिघं सिंदीला टेकून तिची वाट पाहत बसलो.
आली. शेवटपर्यंत वाचून गेली.

'सोमाजीचं नाव घेताना ती बाई थांबली,
पायलं का तुमी?
नाव येते न, त्याच्या पयले, एवढूसं.
कागदावर तिथं काईच नाई. टिंब नाई, रेघ नाई.
मी लिवताना तिथंच थांबलो होतो.'

सायकलच्या स्टँडला पायानं टोचा मारला.
'ठेव,' म्हणाले, आणि निघाले,
दहा पावलांवरून परत वळून मला:
'पान पंचवीस वर्षांच्या वर होतं माझ्याकडे.
दंड काढून ठेवजो.'

आता आमच्या त्या पुस्तकात तीसनंतर एकतीस येतं.
उघडून पाहा कधी.
त्या एका पानाच्या कोपऱ्यात
टिकेश्वरीचा अंगठा नाही,
दुसरा एक आहे, रुंद नखाचा,
नोटा मोजून मोजून काळपट झालेला.