अर्धा वाटा

बसा. ती मापाची कापडं सरकवा थोडी.
तर कडोलीच्या मळ्यात वाटेकरी व्हायचंय म्हणता.

पैसे आधी द्यायचे. सगळे.
वाफ्यात अजून काहीच नसतं तेव्हा.
पूर्ण वाट्याला सहा हजार सहाशे,
आठवडे बावीस.
पावती सुमित्रा हुंदरे स्वतः लिहिते,
वर मराठीत, खाली कन्नडात,
आकडा मात्र एकदाच.

गुरुवारी चारला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येतो,
क्रेट माझ्या ओट्यावर उतरतात.
काटा नाही, निवडानिवड नाही.
आलं ते आलं.

पहिले तीन आठवडे नुसता पाला.
शेपू, चुका, राजगिरा,
पुन्हा शेपू.
माझ्याबरोबर अर्धा वाटा घेतला होता वरच्या तेंडोलकरांनी,
बँकेतून रिटायर झालेले.
जुडी उलटीपालटी करत म्हणाले, "तीनशेचा हा शेपू?"
खोटं कशाला बोलू, हिशेब मीही केला होता,
ब्लाऊजच्या वहीत, मागच्या पानावर.
रविवार पेठेत निम्म्यात आलं असतं सगळं.
मग श्रावणात दोडकी आली, काकड्या आल्या,
बिन्स इतक्या की समोरच्या शाळेच्या बाईंना दिल्या,
आणि ते पान मी काही पुन्हा उघडलं नाही.

सप्टेंबरात मार्कंडेय चढली.
खालच्या तुकड्यात अकरा दिवस पाणी.
त्या गुरुवारी क्रेटमध्ये शेवग्याचा पाला, दोन लिंबं
आणि चिठ्ठी: टोमॅटो गेला. पुढच्या खेपेलाही थोडंच.
तेंडोलकर पावती घेऊनच खाली उतरले.
पैसे परत मिळत नाहीत, काका, म्हटलं,
वाट्यात घाटा धरलेला असतो.
"मग ती नोकरदार माणसाची खरेदी नव्हे," म्हणाले.
बरोबरच बोलले.
खरेदी नव्हेच ती.

आणि हो, हंगामात एक दिवस मळ्यात जावं लागतं. टाळू नका.
मला गाजराच्या ओळीत बसवलं, भांगलायला,
शेजारी गंगव्वा.
तिचं मराठी आणि माझं कन्नड
दोन्ही सारखीच उसवलेली,
पण जोडून अंगभर होत होती.
हातभर ओळ साफ केली मी, झपाट्यानं.
बांधावरून सुमित्रा ओरडली,
"अगं, गाजरंच उपटूलालीस की गं!"
गंगव्वानं माझ्या मुठीतलं एक रोप घेतलं,
पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं.
"गज्जरी," म्हणाली.
मग शेजारचं तण चुरडलं, तेही धरलं.
ह्याला वास नाही.
एवढंच शिकवलं, आणि उपटलेलं ते दोऱ्याएवढं गाजर
पदराला पुसून खाऊन टाकलं.

नोव्हेंबरात गाजरं आली.
एक वेगळी जुडी होती, सुतळीनं बांधलेली,
मनगटाएवढी जाड.
टेम्पोवाला यल्लप्पा म्हणाला, ही तुमच्या ओळीतली,
विरळणी जास्त झालीया, म्हणून पोसली.
शिवणीत चूक झाली तर उसवावं लागतं.
इथे काय म्हणायचं, कळलं नाही मला.
हलवा केला.
वाटीभर वर पाठवला.
वाटी धुऊन परत आली, आत पाच रुपयांची दोन नाणी.

असो.
पिशवी कापडी आणा. सहाच्या पुढे येऊ नका, पाला मान टाकतो.
अर्धा वाटा एकट्याला देत नाहीत, जोडीदार लागतो,
आणि माझा दुसरा अर्धा यंदा मोकळा आहे.
भोपळा कापायला कोयता आहे माझ्याकडे.
नवलकोल तीन आले
तर तिसरं कुणाचं,
ते त्या त्या गुरुवारी बघू.