तावदान

बारूयर म्हणतात मला. बुर्ज हम्मूदच्या गल्लीत
काचा कापायचं दुकान, वडिलांनी मांडलेलं.
हिऱ्याची लेखणी, तेलाची वाटी,
आणि बोटांवर इतक्या जुन्या खुणा
की नवी कुठली, ते मलाच शोधावं लागतं.

त्या संध्याकाळी बैरुतभर काच होती.
पुढचे आठ महिने मी फक्त खिडक्या बसवल्या.
लोक म्हणायचे, तुझं बरंय, धंदा जोरात.
मी मान हलवायचो. तेवढीच हलायची.
खांदे कानांपाशी जाऊन बसले होते,
उतरायचं नाव नाही.
दुखणं अंगावर काढलं. आमच्या घरात काढतातच.

शेवटी आराक्सीनं हाताला धरून नेलं.
दवाखाना म्हणावा तर औषधाचा वास नाही.
एक सतरंजी, दोन खुर्च्या, खिडकीत पुदिना.
बाईंचं नाव सिरवार्त.
मी सगळी हकिकत पाठ करून गेलो होतो:
सहा वाजून काही मिनिटं, तो आवाज, ती धूळ.
बाई म्हणाल्या, ते राहू द्या.
पाय जमिनीला टेकलेत का?

असला प्रश्न!
बूट काढून पाहिलं.
टेकले होते. कधीपासून, कोण जाणे.

मग म्हणाल्या, कुठे दाटलंय?
मी काचवाला, मापातच बोलतो.
म्हटलं, बरगडीखाली. चार मिलिमीटर जाड,
धुरकट, कडा न घासलेल्या.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कडेला हात लावू नका. नुसते शेजारी बसा.

तीन मंगळवार मी माझ्याच बरगडीशेजारी बसलो.

चौथ्या खेपेला भिंतीला तळवे लावून
ढकलायला सांगितलं.
भिंत कसली हलतेय, पोटरी हलू लागली.
रस्त्यानं ट्रक गेला की कपाटातले पेले वाजतात,
तसं आधी बारीक, मग मांड्या, मग दात,
मग सगळ्या अंगाला कापरं.
थांबवू का? मी विचारलं.
इतके दिवस थांबवलंतच की, बाई म्हणाल्या.

थरथरता थरथरता हात आपणहून पुढे आले,
कोपरांत वाकलेले, रुंद, तळवे आत.
काय आहे हातांत?

तावदान होतं.
मार मिखाएलला, तिसऱ्या मजल्यावर,
मादाम लोदींच्या स्वयंपाकघराचं, नव्वद बाय एकशेवीस.
मी उचललं होतं, चौकटीत बसवणार होतो,
आणि चौकट नव्हती. भिंतही नव्हती.
पडलो, उठलो, बाईंना पाठुंगळी घेऊन जिने उतरलो,
हे मी शंभरदा सांगितलंय,
पोलिसांना, पाद्रीबुवांना, ज्यानं त्यानं विचारलं त्याला.
हातांना कुणी सांगितलंच नव्हतं
की काच फुटली.
ते अजून धरून होते.
बापानं शिकवलेला पहिला धडा तोच:
काही होवो, धरलेली काच सोडायची नाही.

ठेवा खाली, बाई म्हणाल्या. घाई नाही.
दुकानात ठेवता तशीच.

गुडघे वाकवले. आधी खालची कड, बोटं वाचवून.
मग भिंतीला टेकवली, जराशी तिरकी.
एक हात सोडला. थांबलो. मग दुसरा.
सतरंजीवर काहीच नव्हतं.
तरी मी त्याला वळसा घालून
खुर्चीपर्यंत गेलो आणि अंग टाकलं.
किती वेळ रडलो, आराक्सीला विचारा,
ती बाहेर बाकावर होती.

बरा झालो असं म्हणत नाही.
मादाम लोदींच्या खिडकीला अजून प्लास्टिकच आहे,
त्या फोन करतात, मी उद्या येतो म्हणतो.
काल शेजारच्या बेकरीवाल्यानं धाडकन शटर पाडलं,
गेले खांदे वर.
मी लेखणी खाली ठेवली, पायांकडे पाहिलं,
आणि वाट बघत बसलो.
उजवा उतरला.
डावा हट्टी, माझ्या बापासारखा.
त्याला म्हटलं, तुझ्या सवडीनं ये.